बिरोबाच्या बनातील चैत्र



वसंत ऋतू म्हटला की आपणां नगरवासीयांच्या मनात आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि फार तर एखाद्या संगीतसभेची निमंत्रणपत्रिका एवढेच उभे राहते. संस्कृत कवींनी आपल्याला शिकविलेला हा वसंत सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. मिरजेहून पंढरपूरची वाट धरावी. कृष्णाकाठची काळी जमीन आणि उसाचे फड मागे पडतात, झाडे खुजी होत जातात, आणि कवठे महांकाळच्या आसपास उघडा माळ दिसू लागतो. पावसाचा मोठा वाटा सह्याद्रीने पश्चिमेकडेच अडवून ठेवलेला. या बाजूस पडते ते उरलेसुरले. चैत्रात येथील गवत वाळून गेलेले असते आणि अग्रणी नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. असे असूनही वर्षातून एकदा हा मुलूख पोटभर गातो तो याच दिवसांत.

कारण साधे आहे. शाळूची काढणी-मळणी फाल्गुनापर्यंत उरकते, धान्य घरात येते, पाऊस अजून दोन-अडीच महिने दूर असतो, आणि शेतकऱ्याचे हात मोकळे असतात. म्हणून सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील यात्रा होळीपासून वैशाखापर्यंत एकीमागून एक लागतात. (हे दोन्ही जिल्हे मुळात एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले.) वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीस बगाड निघते. चैत्राच्या शुद्ध पक्षात शिखर शिंगणापूरच्या महादेवाला कावडी चढतात, आणि मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून त्या वर नेताना पाहणाऱ्याचाच श्वास कोंडतो. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. गावोगावच्या यात्रांत दिवसा कुस्त्यांचे मैदान आणि रात्री तमाशा हे ठरलेलेच. तमाशा या भागाला परका नाही. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, आणि ज्या काळू-बाळूंच्या विनोदाने कित्येक पिढ्या पोट धरून हसल्या ते सांगलीजवळच्या कवलापूरचे. परंतु या सर्वांचा परामर्श घ्यावयाचा तर मला मिळालेला वेळ नुसती नावे सांगण्यातच संपेल. म्हणून आज एकाच यात्रेविषयी, आणि तिच्यातही मुख्यतः एकाच कलेविषयी बोलावे असे ठरविले आहे. ती यात्रा आरेवाडीच्या बिरोबाची आणि ती कला धनगरी ओवीची.

कवठे महांकाळ हे तालुक्याचे गाव. महांकाली देवी हे तेथील ग्रामदैवत, आणि गावाच्या नावाचा उत्तरार्ध तिचीच आठवण देतो. आरेवाडी याच तालुक्यात, ढालगावच्या बाजूस आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची छोटी गाडी १९२७ साली पंढरपुराहून मिरजेपर्यंत पोहोचली तेव्हापासून हा भाग आगगाडीच्या वाटेवर आहे; आता ते रूळ रुंद झाले आहेत. बिरोबाचे ठाणे ज्या झाडीत आहे तिला ‘बन’ म्हणतात. पंचक्रोशीत कोणालाही ‘बिरोबाचे बन’ एवढे विचारले म्हणजे पुरे, गावाचे नाव सांगावे लागत नाही. चैत्रात या बनाकडे महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातूनही धनगर लोटतात.

दोन राज्यांतून का, याचे उत्तर देवाच्या नावातच आहे. आपल्याकडचा बिरोबा किंवा बिरदेव तोच कानडी मुलखातला बीरप्पा अथवा बीरेश्वर. तो तेथील कुरुब समाजाचा देव, आणि कुरुबही मेंढपाळच. भाषेची सीमा या देवाला कधी जाणवलेली दिसत नाही. त्याची बहीण म्हणून मानलेली मायाक्का बेळगाव जिल्ह्यात चिंचलीला आहे. माघी पौर्णिमेस तिच्या यात्रेला सांगली-कोल्हापूरकडच्या बैलगाड्यांची रीघ लागते. बीरेश्वरासमोर कुरुब जो ‘डोळ्ळु कुणित’ नाचतात त्यातला मोठा ढोल पाहिला म्हणजे आपल्या धनगरांच्या ढोलाचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

यात्रेचे महत्त्व समजण्यासाठी मेंढपाळाचे वर्ष समजून घेतले पाहिजे. आपले वर्ष पाडव्याला सुरू होते, त्याचे पावसाबरोबर फिरते. दसरा-दिवाळी झाली, माळावरचे गवत सरत आले, की बिऱ्हाड घोड्यांवर लादून तो मेंढरांसह चाऱ्याच्या शोधात निघतो. कोणी कृष्णा-वारणेच्या बागायतीत जातो, कोणी घाट उतरून कोकणाची वाट धरतो. जेथे पीक निघाले आहे त्या रानात मेंढरे बसविण्याचा रिवाज आहे. रात्रभर कळप शेतात राहतो, लेंडीखत जमिनीला मिळते, आणि त्याबद्दल मालक धनगराला धान्य अथवा पैसे देतो. मृगाच्या सुमारास तो माघारी आपल्या गावी येतो. अर्थात चैत्रात निम्मे कुटुंब तळावर आणि निम्मे गावाकडे, अशी त्याची स्थिती असते. भाऊ भावाला सहा महिने भेटलेला नसतो. अशा वेळी बिरोबाच्या बनात सारे एकत्र येतात. सोयरिकी येथे ठरतात. कोणत्या बाजूस चारा आहे, कोणत्या गावाने यंदा मेंढरांना वाट दिली नाही, हे येथे कळते. जो तळावर राखणीला राहिला त्याच्यासाठी चिमूटभर भंडारा पदरात बांधून नेतात. यात्रा ही आपणां पाहुण्यांना करमणूक वाटते. त्यांना ते वर्तमानपत्रही असते.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. सांगलीची हळदपेठ देशभर नावाजलेली आहे आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. तीच हळद येथे मुठीमुठींनी हवेत उधळली जाते. ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ असा पुकारा होतो, आणि घटकाभरात माणसे, फेटे, ढोल, झाडाची पाने, सगळे एकाच पिवळ्या रंगाचे होऊन जाते. बिरोबाच्या यात्रांत भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे आणि लोकरही उधळतात. या लोकरीविषयी पुढे पुन्हा बोलावयाचे आहे.

दिवसा नजर खेचून घेतो तो गजा. मध्ये ढोलवाले आणि कैताळवाले, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण, अंगात सदरा, कमरेस धोतर, डोक्याला फेटा आणि हातात रंगीत रुमाल. कैताळ म्हणजे मोठी झांज. तिचा नाद भजनाच्या टाळासारखा गोड नाही, तो माळावर दूरवर पोहोचावा असाच घडविलेला आहे. चाल प्रथम इतकी संथ असते की नवख्याला नाच सुरू झाला हेच कळत नाही. मग ढोल किंचित पुढे सरकतो, पावले त्याच्यामागून सरकतात, रुमाल एकाच क्षणी वर जातात. पुढे-पुढे वेग असा चढतो की साठीचे म्हातारे विशीच्या पोरांना हार जात नाहीत. हा नाच आता शहरांतील महोत्सवांत आणि मिरवणुकींत वारंवार दिसतो, तेव्हा त्याचे अधिक वर्णन करीत नाही.

ओवीचे तसे नाही. ती अजून शहरात खऱ्या अर्थाने आलेलीच नाही, आणि तिच्याविषयी आपला पुष्कळ गैरसमज आहे.

ओवी हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक ज्ञानेश्वरीत, जी १२९० साली सांगून झाली. आणि दुसरा जात्यावर. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा निर्देश बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या संस्कृत ग्रंथात आढळतो, इतकी ती जुनी. धनगरी ओवी या दोहोंची आप्त खरी, परंतु तिची राहणी निराळी. ज्ञानेश्वरीची ओवी ग्रंथात बसते, जात्यावरची ओवी तीन-चार चरणांत आपले सुखदुःख सांगून मोकळी होते. धनगराची ओवी रात्रभर चालते. तिच्यात देवाचा जन्म असतो, लग्न असते, भांडणे असतात, प्रवास असतो. तिला खंडकाव्य म्हणावे तर ती लिहिलेली नाही. आणि पाठ केलेली म्हणावे तर प्रत्येक रात्री ती थोडी वेगळी होते.

तिची रीत अशी. आरंभी ‘सुंबरान’ मांडतात. सुंबरान म्हणजे स्मरण. देवांची, ठाण्यांची, गुरूंची नावे घेऊन मगच कथेला हात घालावयाचा. एकजण हात कानाशी नेऊन ओळ उचलतो, बाकीचे तिचा शेवट झेलतात आणि लांबवितात, ढोल हलक्या हाताने सोबत करतो. असा काही भाग गाऊन झाला की गाणे थांबते, आणि जे गाइले तेच एकजण गद्यात सांगू लागतो. या गद्याला ‘सपादणी’ म्हणतात. बोलणे भराभर, दमदार, श्वास घ्यावयास जागा नसावी असे. ते संपले की पुन्हा गाणे, पुन्हा सपादणी.

आपल्यासारख्या सुशिक्षित श्रोत्याला प्रथम वाटते की ही पुनरुक्ती आहे. एकच गोष्ट दोनदा कशासाठी सांगावयाची? कीर्तनाची सवय असलेल्यांना वाटेल की सपादणी म्हणजे अभंगावरचे निरूपण. पण तसे नाही. निरूपणकार अर्थ उलगडतो, बोध काढतो, दाखले देतो. सपादणी सांगणारा बोध काढीत नाही. तो फक्त घडले काय ते सांगतो, मात्र सगळे सांगतो. गाण्यात देव ‘निघाला’ एवढेच असेल. सपादणीत तो कोणत्या गावावरून गेला, कोणत्या ओढ्यावर मेंढरे पाजली, कोणाच्या रानात त्याला अडविले, त्याने काय उत्तर दिले, हे येते. गाण्याने रात्र उभी राहते आणि सपादणीने कथा चालते. शिवाय ज्याला मध्येच डुलकी लागली किंवा जो मेंढरांना पाहून उशिरा आला त्याला धागा पुन्हा हाती मिळतो. हा विचार ज्यांनी केला त्यांना श्रोते चांगले ठाऊक होते.

कथा तरी कोणत्या? बिरोबाची माता सुरवंती. तिच्या पोटी झालेल्या बाळाला रानात वाढावे लागते, आणि मायाक्का त्याला आपलासा करते. पुढे कामाबाईशी त्याचे लग्न. देवाचा जन्म, देवाचे लग्न हे सर्वच पुराणांत असते; परंतु या देवाच्या अंगावर घोंगडे आहे आणि त्याच्या पायाला माळाची धूळ आहे. वारुळातून देव प्रगट झाल्याच्या कथा आहेत, आणि नवीन ठाणी कशी झाली याच्याही. मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ती ही कल्पना: भक्त म्हातारा होतो, दूरच्या ठाण्याला येणे त्याला झेपत नाही, तेव्हा देवच त्याच्यामागून चालत येतो आणि त्याच्या वाड्याजवळ राहतो. लोकांनी घर बदलले की देवाने मागून जावे, ही समजूत फिरत्या समाजाखेरीज कोणाला सुचली असती? ओव्यांतील गावांची नावे नकाशावर मांडली तर मेंढरांच्या जुन्या वाटाच हाती लागतात. धर्मानंद कोसंबींचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी १९६२ सालच्या आपल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात दख्खनेतील देवस्थाने व जुने मार्ग यांच्या नात्याकडे लक्ष वेधले होते. रा. चिं. ढेरे यांनी तर ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळच गोपजन आणि धनगर यांच्या दैवतात शोधले. विठ्ठल आणि बिरदेव यांची जोडी कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीस आजही एकत्र पुजली जाते. वारीला जाणाऱ्या आपल्या घरांतून या ओव्यांबद्दल इतकी उदासीनता असावी याचे म्हणूनच नवल वाटते.

ही उदासीनता एका परदेशी माणसाने आपल्या पदरात घातली असे म्हटले तरी चालेल. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर हे जर्मन पंडित धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या शेजारी बसले, आणि ध्वनिमुद्रणयंत्रावर त्यांच्या ओव्या त्यांनी उतरून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला, इंग्रजी अनुवाद १९८९ साली. १९९२ साली ते वारले. त्यांनी मुद्रित केलेल्या ओव्यांपैकी बिरोबा व धुळोबा यांच्या दोन दीर्घ ओव्या अॅन फेल्डहाउस या विदुषींनी इंग्रजीत आणून २०१४ साली प्रकाशित केल्या. छापील पानावरही सपादणीचा वेग जाणवतो. पण वाचून एक गोष्ट ध्यानात येते: त्या कथनाला शेवटपर्यंत ऐकणारी, ‘मग?’ म्हणणारी माणसे समोर बसलेली होती.

आणि नेमकी तीच आता कमी होत आहेत. ओवी रंगमंचावर किंवा ध्वनिक्षेपकासमोर आली की तिला दहा मिनिटे मिळतात. (या बोलण्यालाही घड्याळाचा पहारा आहेच, तेव्हा मी कोणाला दोष देत नाही.) दहा मिनिटांत काय ठेवावे? सुंबरान ठेवतात, कारण त्याची चाल चटकन मनात भरते. ढोल ठेवतात, रुमाल ठेवतात. गळते ती सहसा सपादणी. म्हणजे सूर राहतो आणि कथा जाते. तरुण मुले साहजिकच जे मागितले जाते ते शिकतात. गजाचा संघ उभा करणे आज कठीण नाही. रात्रभर सपादणी सांगू शकेल असा माणूस मिळणे कठीण होत चालले आहे. गजा टिकला म्हणून ओवीही टिकली असे समजणे हा भ्रम आहे, आणि आपल्या सांस्कृतिक उत्सवांनी तो वाढविला आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे माळही पूर्वीचा राहिला नाही. म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी उचलून या तहानलेल्या भागात आणले. ज्यांनी दुष्काळ सोसला त्यांच्या दारी पाणी आले, त्याबद्दल कोणी विषाद मानू नये. द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ज्या कोरड्या उन्हाने चैत्रात गवत जळते त्याच उन्हात आणि वाऱ्यात द्राक्षे जाळ्यांवर वाळवून बेदाणा केला जातो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यात्रेच्या दिवसांतच बेदाण्याच्या शेडमध्ये कामाची घाई असते. परंतु बागेला कुंपण आले, आणि कुंपण आले तेथे मेंढरांची वाट तुटली. शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळी मेंढी आज मोठ्या किमतीस विकली जाते, ती मांसासाठी. उंच, बाकदार नाकाची, देखणी जात, पण तिच्या अंगावर लोकर अल्पच. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेले, पाऊस अंगावर न येऊ देणारे काळे घोंगडे विणणारे माग त्यामुळे मंदावले. देवावर उधळावयाची लोकर अजून आहे. पांघरण्याची मात्र बाजारातून गिरणीची येते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. माडगूळ येथून फार दूर नाही, त्याच माणदेशातले. दुष्काळाने उठून गेलेल्या धनगरवाडीची ती कथा आपण सर्वांनी वाचली आहे, आणि पुणे आकाशवाणीवर त्यांनी अनेक वर्षे ग्रामीण श्रोत्यांसाठी काम केले हेही अनेकांना ठाऊक असेल. त्या वाडीतली माणसे पाण्यावाचून पांगली. आज पाणी आले असताना मेंढपाळ पांगत आहे, हा काळाचा विचित्र न्याय म्हणावा.

तेव्हा चैत्रात कोणास आरेवाडीस जावयाचे असेल तर माझी एकच विनंती आहे: दिवसा जाऊन दुपारी परत फिरू नये. दिवसा दुकाने, पाळणे, गर्दी आणि गजा दिसेल. छायाचित्रे उत्तम येतील. मुक्काम करावा. ऊन उतरल्यावर बनात वारा सुटतो, नैवेद्य होतात, स्वयंपाकाच्या चुली विझतात. मग झाडाखाली कोठेतरी एखादा ढोल हळू वाजू लागेल. तेथे जाऊन, चप्पल बाजूला काढून, मागच्या रांगेत बसावे. पहिली घटका कंटाळवाणी जाईल. शब्द अर्धे कानडी मिसळलेले वाटतील, चाल एकसुरी वाटेल. सपादणी सुरू झाली की मात्र कान देऊन ऐकावे, आणि एखादे गाव ओळखीचे निघाले तर शेजारच्याला हळूच विचारावे. तो आनंदाने सांगेल, बहुधा तुम्ही विचारले त्याहून दुप्पट. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास गाणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि केलेच तर सपादणीसह सगळे करावे, अर्धे करू नये.

पांढरे कपडे घालून जाऊ नये हे सांगावयाचे राहिलेच. हळदीचा डाग एका धुण्यात जात नाही. यात्रा उलगडल्यावर मिरजेच्या स्थानकावर पिवळ्या फेट्यांची आणि पिवळ्या पाठींची माणसे दिसतात, आणि ती कोठून आली हे त्यांना कोणी विचारीत नाही.